नव्वद पानांची पंगत

१

शुक्रवारी राहुकाळाची अशुभ वेळ सरली, बारा वाजले, आणि तमिळ बंदरशहरातल्या नुंगंबाक्कम भागात, जहाजी मालाचे कागद करणाऱ्या त्या ऑफिसात नव्वद जणांनी एकदम आपापल्या नव्या पडद्यावर नाव टाकलं. पाच मिनिटांत नव्वदच्या नव्वद पडदे गोठले. माउस हलेना, अक्षर उमटेना. बंदरात जहाजं उभी, कस्टमचे कागद यंत्राच्या पोटात अडकलेले आणि जॉर्ज टाउनचे व्यापारी फोनवर शिव्या हासडतायत. संध्याकाळी कोळंबीचा अख्खा माल जहाज चुकून धक्क्यावरच राहिला आणि कंपनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक हात जोडून निघून गेलं.

दोष कुणाचा? सुनंदाचा! दुसरा कुणाचा असणार?

कारण हे सगळं तिनं आखलं होतं. प्रत्येकाच्या टेबलाखालचा जुना संगणक काढायचा आणि त्याऐवजी तीन दांडगे सर्व्हर घ्यायचे. एकेका सर्व्हरच्या आत तीन-चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे हाताला न लागणारे पण कामाला खरे असे संगणक, आणि एकेका मशीनवर आठ-दहा कारकून एकत्र बसवायचे. किती प्रोसेसर, किती मेमरी, डिस्क किती वेगाची, याचं गणित करायला तिनं तीन महिने घातले होते. एखादा सर्व्हर आजारी पडला तरी उरलेल्या दोघांनी सगळा भार उचलावा, इतकी सोय त्यात होती. तरीही यंत्रणा पहिल्याच दिवशी तोंडावर आपटली.

मालक गिरिधर यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि बसाही म्हटलं नाही. "हलकं सामान घेतलंत, वरचं कमिशन खाल्लंत, असं लोक म्हणतायत. पुढच्या शुक्रवारपर्यंत दुसरं काही कळलं तर ठीक. नाहीतर मी पोलिसांत जाणार."

सुनंदा मूळची कराडची. नवरा दिनकर शहराबाहेर आवडी इथल्या डिफेन्स फॅक्टरीत, म्हणून बिऱ्हाड तिथल्याच क्वार्टरमध्ये. त्या दिवशी ती घरी आली, सगळं सांगितलं, तर दिनकरनं बराच वेळ चहात चमचा ढवळला आणि विचारलं, "तू खरंच काही घेतलं नाहीस ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडू नाही आलं. तिला कुणाचा तरी गळा धरायचा होता, फक्त कुणाचा ते माहीत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या अंबुजाक्का दार न वाजवताच आत आल्या. भिंतींना कान असतात म्हणतात, क्वार्टरच्या भिंतींना तर तोंडही असतं. "रडूं नको, रागही नंतर कर," त्या म्हणाल्या. "मज एकच सांग, सुनंदे. तुझं गणित चुकलं, की कोणी तुज चुकवलं?"

२

अंबुजाक्का तंजावरच्या मराठ्यांपैकी. चार-पाच पिढ्या तमिळ मुलखात, तरी घरात मराठीच, जुन्या वळणाची आणि तमिळ हेल काढलेली. त्याच फॅक्टरीच्या दक्षता विभागात त्यांनी उभा जन्म काढला होता. कॉपरच्या तारेपासून कँटीनच्या तुपापर्यंत काय काय चोरीला जातं आणि का जातं, हे त्यांना तोंडपाठ. शिवाय गिरिधरची आई त्यांची जिवाभावाची मैत्रीण, त्यामुळे ज्या माणसापुढे ऑफिस चळचळा कापायचं, त्याला त्या "अरे गिरी" म्हणायच्या. सोमवारी त्या थेट त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या.

"अरे गिरी, तुझं यंत्र कोसळलं की त्यास कोणी पाडलं, हें आधीं बघ ना! तेंच सामान, तेंच नव्वद लोक. पुन्हा एकदां बसव सगळ्यांस एकदम."

"मावशी, पुन्हा पडलं तर?"

"पडलं तर ह्या पोरीस मीच पोलिसांत नेतें."

सुनंदानं चमकून बघितलं. पण बोलायची सोय नव्हती. 'मी घेऊन जाईन तिथें बसायचं, तोंड उघडायचं नाहीं' या अटीवर अक्कांनी तिला बरोबर आणलं होतं.

मंगळवारी चाचणी झाली. नव्वद लोक एकदम बसले, एकदम नावं टाकली, एकदम कागद उघडले. यंत्र शिंकलंसुद्धा नाही. मग अक्कांनी तीनपैकी एक सर्व्हर बंद करायला लावला. उरलेल्या दोघांनी सगळा बोजा गुपचूप खांद्यावर घेतला.

सुनंदाला वाटलं, सुटले! तिनं मोठ्या आशेनं मालकांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आणखीच कठीण झालेला दिसला.

"म्हणजे सामान चांगलं आहे," गिरिधर सावकाश म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी कुणीतरी मुद्दाम पाडलं. आणि सर्व्हरच्या खोलीत जायची कार्डं आहेत फक्त तिघांकडे. त्यातलं एक सुनंदा, तुमच्याकडे."

घ्या! निर्दोष ठरायला गेली आणि चांगलीच गोवली गेली.

३

बाकीची दोन कार्डं कुणाकडे? एक कौशिककडे. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा हा तरुण इंजिनिअर, महिनाभर इथेच मुक्काम ठोकून होता. दुसरं नित्याकडे. ही हिशेब खात्याची प्रमुख आणि गिरिधर यांची सख्खी भाची, म्हणून तिलाही.

पण अक्का आधी गेल्या त्या कार्ड नसलेल्या माणसाकडे. अनंतकृष्ण हे जुन्या संगणक खात्याचे म्हातारे मुख्य. नव्या योजनेनं त्यांचं खातंच पुसलं जाणार होतं, आणि सुनंदानं त्यांना सर्व्हरच्या खोलीचं कार्ड नाकारलं होतं. त्यांची केबिन त्या खोलीला चिकटून, मधे एकच भिंत. कपाळावर गंध, भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. ते तमिळमध्ये बोलत होते. सुनंदाला धड बोलता येत नसलं तरी कळायचं सगळं.

"ह्या बाईंनी उद्घाटन अकराला ठेवलं होतं," ते सुनंदाकडे न बघता म्हणाले. "शुक्रवारी अकराला! साडेदहा ते बारा राहुकाळ. दर वाराचा वेगळा असतो, हे तरी कुणाला विचारावं. मी आरडाओरडा केला तेव्हा मालकांनी बदललं. गच्चीवर पूजा लवकर उरकली, कोहळा फोडला, आणि सगळ्यांना ताकीद दिली, बारापर्यंत पडद्याला हात लावायचा नाही."

"आणि चालू असलेलं काम?" अक्कांनी विचारलं.

"ते चालू राहू शकतं. आधी सुरू केलेलं असेल तर दोष नाही. आरंभ तेवढा नको."

"पूजा झाल्यावर आपण कुठें होतां?"

"इथेच. मला साखरेचा विकार, वेळेवर इडली खावी लागते. खाली आलो, डबा उघडला, तर माझ्या पेल्यातलं पाणी थरथरतंय. पलीकडचे पंखे इतके गरजत होते की भिंत हलत होती. साडेदहा वाजायचे होते अजून."

अक्का पुढे झुकल्या. "नव्वद लोक गच्चीवर केसरी शिरा खातायत, पडद्याला कोणाचा हात नाहीं. मग यंत्र कशासाठीं गरजतं?"

"तेच."

"मग आपण कोणास सांगितलं कां नाहीं?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा सुनंदाच्या डोळ्यांत बघितलं. "मला आनंद झाला, अम्मा. खोटं कशाला बोलू? म्हटलं, पडू दे. माझं खातं बुडवलंत ना, आता बुडा तुम्हीही."

सुनंदाच्या जिभेवर चार सणसणीत शब्द आले होते, ते तिनं गिळले. गंमत म्हणजे या माणसाचा तिला तितकासा राग येईना. निदान त्यानं तोंडावर तरी सांगितलं.

कौशिक मात्र घामाघूम होऊन आला. त्याला राहुकाळात, अकराच्या सुमाराला, सर्व्हरच्या खोलीत शिरताना शिपायानं पाहिलं होतं. वर त्यानं पडझडीनंतर पहिलं काम काय केलं, तर ज्या यंत्रात साऱ्या नोंदी राहतात तेच पुसून नव्यानं बसवलं.

"घाबरलो, आंटी! आमच्या सामानावर ठपका येईल म्हणून घाईत केलं. आणि अकराला मी थंड हवा खायला गेलो होतो, गच्चीवर काहिली झालेली. राहू, केतू, हे सगळं मी मानत नाही. पंखे तेव्हा आधीच गरजत होते. मला वाटलं, कुणीतरी आधीच बसलं कामाला."

"नव्वद लोकांवांचून यंत्रास इतकं दमवायचं झालं, तर कसं करतात?"

"सोपं आहे. त्या खोलीतल्या पडद्यावरून सगळ्या मशीनच्या प्रती काढायला लावायच्या, एकदम. तासन् तास चालतं ते काम. डिस्कचा सगळा वेग त्यातच जातो. प्रोसेसर, मेमरी कितीही असो, डिस्क गुंतली की सगळे ताटकळतात."

"आणि बाराला पाडायचं असेल, तर आरंभ कधीं करावा?"

"दोन मिनिटं आधी केला तरी पुरे," कौशिक म्हणाला, आणि आपण भलतंच काही बोललो की काय, अशा भीतीनं घाम पुसू लागला.

जिना उतरताना सुनंदाला राहवलं नाही. "अक्का, हाच तो! खोलीत हाच गेला, नोंदी ह्यानंच पुसल्या. आणखी काय हवं?"

"अय्यो! साप साप म्हणून भुई कां धोपटतेस? पोरी, चोर कोण तें मज ठाऊक नाहीं. पण त्यानं आरंभाची इतकी घाई कां केली, तेवढं कळलं तर चोर सांपडला."

४

नित्याची भेट गिरिधर यांनीच ठरवून दिली होती, गुरुवारी दुपारी दीड वाजता.

खरं तर सुनंदाचा संशय पहिल्यापासून हिच्यावर असायला हवा होता. झालं असं होतं, की सुनंदाच्या आधी हार्डवेअरची एक योजना नित्यानंही केली होती. त्यासाठी तिनं शिकवणी लावली होती, रात्रंदिवस खपली होती. तिचं म्हणणं, कुठल्याही वेळी सरासरी पस्तीसच लोक काम करत असतात, तेव्हा दोन मध्यम सर्व्हर पुरे. साऱ्या ऑफिसच्या भर बैठकीत सुनंदानं विचारलं होतं, "लग्नाच्या कल्याणमंडपात नव्वद पाहुणे सरासरीनं जेवतात का हो? पानं मांडली की पंगत एकदमच बसते." सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवसापासून नित्याचं नाव 'सरासरी मॅडम' पडलं, ते अगदी चहावाल्यापर्यंत पोचलं. गिरिधर यांच्या मनात तिला संचालक करायचं घाटत होतं, तेही मागे पडलं.

पण नित्या सिंगापूरला शिकलेली, पूजाअर्चेला नाक मुरडणारी, कामाला वाघीण. आपल्याच मामाचं जहाज ती बुडवील, हे सुनंदाच्या मनात येईना.

"या, आंटी!" नित्या भलतीच गोड बोलली. सुनंदाकडे तिनं पाहिलंच नाही. "त्या दिवशी मी पूजेला गेलेच नव्हते. माझा नाही विश्वास त्या कोहळ्यावर. खालीच बसून होते, माझ्या टेबलाशी."

"मग तुझं म्हणणं तेवढं लिहून सही करून दे. गिरीस दाखवायला."

"देते ना. आधी कॉफी घ्या."

कॉफी आली. मग चकलीसारखा मुरुक्कू आला. मग सिंगापूरच्या फोटोंची पाळी आली. अक्कांनी कागद पुढे सरकवला की नित्याचा फोन वाजायचा, पेन पुढे केलं की तिला मामाच्या तब्येतीची आठवण व्हायची. सुनंदा नुसती धुमसत होती. काय हा माज! म्हाताऱ्या बाईला ताटकळत ठेवते! अक्का मात्र मजेत मुरुक्कू मोडत बसल्या होत्या, चौकशी करायला आल्यात की हळदीकुंकवाला, काही कळत नव्हतं. शेवटी तीन वाजून गेल्यावर नित्यानं झटक्यात पेन उचललं, दोन ओळी लिहिल्या, सही ठोकली आणि म्हणाली, "झालं?"

"झालं, कण्णा," अक्का लाडानं म्हणाल्या. "सगळंच झालं."

बाहेर आल्यावर त्यांनी सुनंदाचा हात घट्ट धरला. "उद्यां अकराला सगळ्यांस गिरीच्या केबिनीत बसव. तुज कोणाचा गळा धरायचा होता ना? नखं परजून ठेव."

५

शुक्रवार, अकरा. केबिनमध्ये गिरिधर, अनंतकृष्ण, कौशिक, नित्या आणि दाराशी सुनंदा. टेबलावर एक लॅपटॉप, त्यावर एकच बटण: 'सुरू करा'. नवी यंत्रणा पुन्हा चालू करायची तयारी झालेली होती.

"गिरी, नीट ऐक," अंबुजाक्का उभ्या राहिल्या. "यंत्र बाराला पडलं, म्हणून आपण सगळे बाराकडेच बघत बसलों. पण तें दमायला लागलं साडेदहाच्या आधीं. सगळे गच्चीवर असतांना कोणीतरी आंत शिरलं आणि साऱ्या मशीनच्या प्रती काढायला लावल्या. आतां कौशिक सांगतो, दोन मिनिटं आधीं केलं तरी पुरे. मग दीड तास आधीं कां? पंखे गरजणार, कोणीतरी ऐकणार, पकडला जाणार. असला मूर्खपणा कोण करतं?"

अनंतकृष्ण खुर्चीत पुढे सरकले.

"ज्यास राहुकाळांत आरंभ करायचा नव्हता, तो करतो," अक्का म्हणाल्या. "अरे, पापसुद्धां चांगल्या वेळेस सुरू करायचं! चालू काम चालतं, आरंभ तेवढा नको. खोलींत जायची कार्डं तीन. ही सुनंदा कराडची, हिनं उद्घाटनच राहुकाळांत ठेवलं होतं, हिला त्याची ना भीती ना अक्कल."

सुनंदानं ओठ चावला. पण ते खरंच होतं.

"हा कौशिक राहुकाळांत हवा खायला आंत शिरतो. त्यानं केलं असतं तर आरामांत बाराला दोन मिनिटं कमी असतांना केलं असतं. अनंतकृष्ण राहुकाळ पाळतात, पण त्यांच्याकडे कार्ड नाहीं. उरलं कोण?"

"मी?" नित्या हसली. "आंटी, मी तर हे मानतच नाही! सगळ्यांना माहीत आहे."

"मीही तेंच मानत होतें. पण काल दीडपासून तीनपर्यंत तूं मज मुरुक्कू खाऊं घातलंस, सही केली नाहींस. गुरुवारीं राहुकाळ कधीं असतो, अनंतकृष्ण?"

"दीड ते तीन," म्हातारा पुटपुटला.

"योगायोग!" नित्याचा आवाज चढला. "हा काय पुरावा आहे? मामा, तुम्ही ऐकताय काय?"

"नव्हे, हा पुरावा नव्हे," अक्कांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "आज शुक्रवार, अकरा वाजले. ही नवी यंत्रणा, तुझ्या मामाची सगळी पुंजी हिच्यांत आहे. तूं मानत नाहींस ना? तुझ्या हातानं आरंभ कर. दाब."

नित्यानं हात पुढे केला. बोट बटणावर आलं आणि तिथेच थांबलं. तिनं गिरिधर यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "लोक अजून आले नसतील... बारानंतर दाबूया ना, मामा. उगाच कशाला..."

"नित्या," गिरिधर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप तिच्याजवळ सरकवला.

तिनं हात मागे घेतला. मग एकदम सुनंदाकडे वळून ती किंचाळली, "हसलीस ना माझ्यावर? नव्वद लोकांसमोर हसलीस! चहावालासुद्धा मला सरासरी म्हणतो. मला तुझी पंगत उठवायची होती. सगळ्यांसमोर, तुझ्या पानासकट! आणि उठवली!"

६

गिरिधर खुर्चीतून उठून सुनंदाकडे वळले. मग म्हणाले, "सुनंदा, चूक झाली माझी. उद्यापासून... नाही, आत्तापासून या कामावर. नित्याला मी कोइमतूरच्या ऑफिसात पाठवतो. पण घरातली पोर आहे. ही गोष्ट इथेच, या पाच-सहा माणसांत राहू दे."

सुनंदाचं इतक्या दिवसांचं बंद तोंड आता उघडलं. "माझं नाव पाच-सहा माणसांत गेलं होतं का, सर? मला चोर ठरवताना दार लावलं होतंत का? नव्वद लोकांसमोर गेलंय, नव्वद लोकांसमोरच परत हवं. हिच्या तोंडून. नाहीतर पोलिसांत तुम्ही नका जाऊ, मी जाते."

"सरी, ठीक आहे," अंबुजाक्का पदर सावरत म्हणाल्या. "पोर बरोबर बोलली, गिरी."

हॉलमध्ये नव्वद माणसं उभी होती. नित्या पुढे गेली. आधी इंग्रजीत सुरुवात केली, पण सुनंदा पहिल्या रांगेत उभी होती, ती म्हणाली, "तमिळमध्ये सांग. सगळ्यांना कळू दे." मग तमिळमध्ये, तुटक तुटक, नित्यानं सांगितलं. यंत्र मी पाडलं. प्रती मी काढल्या. सुनंदाचा प्लॅन बरोबर होता, तिनं कुणाचा एक पैसा खाल्लेला नाही.

सुनंदा तिच्याकडे रोखून बघत राहिली. प्रत्येक शब्द तिला गोड लागत होता, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

"आता बसा सगळे," ती म्हणाली. "एकदम. आत्ता."

माणसं चुळबुळली. बारा वाजायला अवकाश होता. तेव्हा अनंतकृष्ण पुढे झाले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे काम मागच्या शुक्रवारीच सुरू झालंय. दोष नाही. बसा." कौशिकनं केबिनमधला लॅपटॉप आणून बटण दाबलं, आणि एकेक करत सगळे बसले. नव्वद पडदे उजळले आणि उजळलेलेच राहिले. कौशिकनं टाळी वाजवली, मग हॉलभर टाळ्या झाल्या.

त्या गलक्यात नित्या सुनंदापाशी आली. डोळे सुजलेले होते. सगळ्यांच्या देखत तिनं हात पुढे केला. "सॉरी," ती म्हणाली. "खरंच. माफ कर."

टाळ्या थांबल्या. गिरिधर आशेनं बघत होते. हॉलभर माणसं माना उंचावून बघत होती.

"माझ्या नवऱ्यानं मला विचारलं, तू काही घेतलं नाहीस ना," सुनंदा हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तो प्रश्न त्याच्या तोंडात तू घातलास. तो आता माझ्या घरात राहणार, मी मरेपर्यंत. मग माफ काय करू?"

नित्याचा हात तसाच पुढे होता. सुनंदानं तो घेतला नाही. ती वळली आणि आपल्या टेबलाशी जाऊन कामाला बसली.